अठरा मिलिमीटर

बापूंची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली, हे कळायला हॉर्न लागायचा नाही. आधी डिझेल इंजिनाची घरघर यायची, मग वळणावर एक लांबलचक 'खर्रर्र', मग ब्रेक, आणि मग काच खाली करून बापूंचा खुलासा, "आज लई कमी झालाय आवाज." खुलासा कुणी मागितलेला नसायचा. कट्ट्यावरची माणसं तो मुकाट ऐकून घ्यायची, कारण बापू वयानं मोठे, मानानं मोठे आणि आता टायरनंही मोठे.

आमचं गाव शिरोळ तालुक्यातलं, कृष्णा-पंचगंगेच्या बेचक्यातलं. उसाचं. इथं दारात ट्रॅक्टर असतो, त्याच्या शेजारी जुनी एम-एटी असते, आणि चार हंगाम बरे गेले की दोघांच्या मधोमध काहीतरी चकचकीत येऊन उभं राहतं. बापूंच्या दारात इसुझूची व्ही-क्रॉस आली. पुढं घरच्या माणसांची केबिन, मागं उघडा हौदा, आणि लागेल तेव्हा चारी चाकांना ताकद. घेताना सांगितलेलं कारण अगदी चोख होतं. हौद्यात वैरण, खत आणि बिघडलेली मोटर. केबिनमध्ये आई, वहिनी आणि लेक. शेत आणि सोयरीक एकाच गाडीत. वहिनींनासुद्धा हे पटलं, आणि वहिनींना बापूंची कारणं सहसा पटत नाहीत.

पूजा झाली, चाकाखाली लिंबू चिरडलं, पेढे वाटले. मग बापू गाडीपासून चार पावलं मागं गेले, एक डोळा बारीक केला आणि म्हणाले, "गुरुजी, पाय बारीक वाटत्यात न्हाई हिचं?"

तिथंच सगळं ठरलं.

या वळणाची माणसं प्रत्येक गावात असतात. आहे ती वस्तू त्यांना दिसतच नाही. व्हायला पाहिजे ती दिसते. त्यांचा पहिला निर्णय चहा थंड व्हायच्या आत होतो, आणि पुढची वर्षं तो एक निर्णय सोडून बाकी सगळं जग दुरुस्त करण्यात जातात. बापू आळशी नाहीत, हट्टीही म्हणता येणार नाही. मिस्त्री सांगेल ते करतात, पैसे रोख देतात, नवं काही शिकायला लाजत नाहीत. फक्त एका गोष्टीला हात लावायचा नाही. जिच्यामुळं हे सुरू झालं, तिला.

मूळ टायर होते २५५/६० आर १८. बापूंनी आणले २८५/६० आर १८. हे माप कुठून आलं? एका लग्नाच्या मांडवाबाहेर उभ्या असलेल्या लँड क्रूझरवरून. बापूंना इतरांच्या टायरवरचे आकडे वाचायची सवय आहे. नवरदेव बोहल्यावर चढत असताना बापू पार्किंगमध्ये उकिडवे बसलेले असतात. रक्षाविसर्जनाला गेले तरी नदीकाठी लागलेल्या गाड्यांवरून त्यांची नजर फिरते, आणि परत येताना हळू आवाजात ते सांगतात, "पावण्याच्या गाडीला दोनशे पासष्ट हाईत."

टायरच्या दुकानदाराला त्यांनी विचारलं, "बसतंय काय?" दुकानदार म्हणाला, "बसतंय की!" रिमवर बसतंय, हे खरंच होतं. गाडीत बसतंय का, असं त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

दुकानातून बाहेर पडताना उजवीकडं वळायचं होतं. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि पहिला 'खर्रर्र' आला. बापूंनी क्षणभर कान टवकारले आणि निदान केलं, "नवीन रबर हाय. रुळंल."

रबर रुळलं नाही. मग बापू कोल्हापूरला मिस्त्रीकडं गेले.

मिस्त्री शिवाजी उद्यमनगरातला. लेथ, वेल्डिंग आणि फाउंड्रीच्या गलक्यात वाढलेला, त्यामुळं स्वतः फार कमी बोलणारा. गाडी कशानं घासतेय हे तो आवाजावरून सांगतो. प्लास्टिकला लागलं की खर्र, पत्र्याला लागलं की कर्र, रबराला लागलं की फटफट. बापूंच्या गाडीत तिन्ही होते. मिस्त्रीनं एका जुन्या पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला. २५५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे त्या रुंदीच्या साठ टक्के इतकी कडेची उंची, म्हणजे १५३. १८ हा रिमचा व्यास, इंचात. आता २८५ घ्या. त्याचे साठ टक्के १७१. म्हणजे चाकाच्या मध्यापासून बाहेर टायर १८ मिलिमीटर वाढला, आणि रुंदीला ३०.

"आणि गाडीनं आत जागा किती वाढवून दिली?" असं म्हणून मिस्त्रीनं पावतीवर भलंमोठं शून्य काढलं. "बापू, जुनं टायर हाईत न्हवं घरात?"

बापूंना प्रश्न ऐकू आला नाही. त्या प्रश्नाच्या बाबतीत त्यांचे कान पहिल्यापासूनच अधू आहेत.

मोठे टायर कशासाठी, याचं कारण मात्र कुणी विचारलं की तयार असतं. महापूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमचा तालुका पाण्यात होता, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी येऊन तो कित्येक दिवस बंद पडला होता. २०२१ च्या जुलैत पुन्हा तोच प्रकार. "परत पाणी आलं तर उंच गाडीच भायेर काढंल," असं बापू सांगतात. ज्या पाण्यात घरांच्या खिडक्या बुडाल्या, त्या पाण्याविरुद्ध बापूंनी अठरा मिलिमीटरचा बंदोबस्त केला आहे. हे मी एकदा बोलून दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "पुराचं पाणी बी थेंबाथेंबानंच वाढतंय, गुरुजी."

इथून दुरुस्तीपर्व सुरू झालं.

पहिला बळी मडफ्लॅपचा. चाकामागचं ते लोंबतं रबर काढून टाकलं आणि फटफट थांबली. बापूंनी कट्ट्यावर चहा पाजला. पहिल्या पावसात चाकाचा चिखल दाराच्या हँडलपर्यंत चढला आणि जयसिंगपूरला लग्नाला निघालेल्या वहिनींच्या नव्या साडीला दार उघडतानाच त्याचा प्रसाद मिळाला. वहिनी घरात परत गेल्या, साडी बदलून आल्या आणि गाडीकडं न बघता म्हणाल्या, "मी रिक्षानं येतो." आमच्या भागात बायका अशाच बोलतात, पण त्या 'येतो'त त्या दिवशी जरब जरा जास्त होती.

मग लक्षात आलं की टायर आतल्या बाजूलाही सस्पेन्शनच्या आर्मला चाटून जातोय. त्यावर हबवर स्पेसर बसवले आणि चाकं बाहेर ढकलली. आतलं घासणं त्याच क्षणी बंद झालं. गॅरेजमधून बाहेर पडेपर्यंत बाहेरचं सुरू झालं होतं. पुढं बंपरच्या कोपऱ्याला आणि मागं चाकाच्या घळीच्या कडेला. बापू भडकले. मिस्त्रीनं त्यांना ऑफिसच्या दारापाशी नेलं, दार बिजागरीजवळ धरून हलवलं आणि मग कडीजवळ धरून हलवलं. "बिजागरीपासून जेवढं लांब, तेवढं फिरणं मोठं. चाक बी असंच वळतंय. आपण त्याला बिजागरीपासून लांब नेलंय."

बापूंनी दार स्वतः दोन-तीनदा हलवून पाहिलं. पटलं. आणि म्हणाले, "मग आता गाडीच उचलू."

गाडी उचलणं म्हणजे लिफ्ट. पुढच्या स्प्रिंगांवर ठोकळे, मागच्या कमानपाट्यांना लांब शॅकल, आणि त्यानं गाडी दोन इंच वर. दिसायला गाडी खरोखर रुबाबदार झाली. घळीत हात घालून बापू प्रत्येकाला दाखवू लागले, "बगा, अख्खा पंजा जातोय." सपाट रस्त्यावर आवाज बंद झाला. गावात दोन दिवस शांतता होती आणि कट्ट्यावर बोलायला विषय उरला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सोसायटीसमोरच्या स्पीडब्रेकरवर, वळता वळता, 'कर्र'. मिस्त्री म्हणाला, "मी आधीच सांगितलंतं. लिफ्टनं गाडी उभी असताना वर जातीया. खड्ड्यात दबली की चाक वर जातंय ते शेवटच्या रबरी ठोकळ्याला टेकंपर्यंत. तो ठोकळा जिथं हुता तिथंच हाय." म्हणजे उंची वाढली ती बघायची, घासायच्या वेळची उंची तीच राहिली. वर अ‍ॅक्सलचे कोन तिरपे झाल्यामुळं सीव्ही जॉइंटच्या रबरी बुटांवर ताण येऊ लागला, तो वेगळा.

घरात याचा पहिला फटका आईंना बसला. ऐंशी पार केलेल्या त्या माउलीला गाडीत चढायला आता आधी पाट, पाटावर स्टूल आणि मागून लेकीचा हात लागू लागला. जोतिबाला जायच्या दिवशी त्यांनी हा सगळा सरंजाम पाहिला आणि पिशवी काखेत मारून स्टँडकडं निघाल्या. "एसटीला पायऱ्या असत्यात," एवढंच बोलल्या. बापूंची मोकळी गाडी मागून डोंगरावर गेली. आई दर्शन घेऊन खाली बसलेल्या होत्या आणि बापू पार्किंगमध्ये आर्म तपासत होते.

बापूंची गाडी लावायची एक पद्धत आहे. ते चाकं सरळ ठेवून गाडी कधी उभी करत नाहीत. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवतात, म्हणजे पुढचं चाक घळीतून बाहेर वळतं आणि टायरची जाडजूड नक्षी येणाऱ्या-जाणाऱ्याला समोरून दिसते. नेमकं त्याच कोनात ते घासायचं. म्हणजे गाडी दाखवायची पोझ आणि गाडी दुखायची जागा एकच. रोज संध्याकाळी गाडी लावताना शेवटचा 'खर्रर्र' व्हायचा तो या दर्शनासाठी.

घासण्याबद्दल बोलायची त्यांची रीतही न्यारी. 'टायर घासालंय' असं ते कधी म्हणत नाहीत. "लायनर घासालंय," म्हणजे घळीतलं प्लास्टिकचं अस्तर. "बंपर मधी येतोय." "ह्यो बोल्ट लई पुढं आलाय." टायर बिचारा आपल्या जागी असतो, गाडीच येऊन त्याला त्रास देत असते.

अखेर मिस्त्री स्वतः गावात आला. म्हणाला, "अंदाज बास झालं. बघूया डोळ्यांनी." बापूंच्या मळ्यात बांधाजवळ गाडी नेली. मिस्त्रीनं डबीतला खायचा चुना पाण्यात कालवला आणि घळीच्या आत सगळीकडं बोटानं फासला: लायनरला, कडेला, बंपरच्या आतल्या कोपऱ्याला. आता त्यानं चुना लावला तो गाडीला. बापूंना तो आधीच लागला होता. पुढचं उजवं चाक बांधावर चढवलं. गाडी त्या कोपऱ्यात दबली, चाक घळीत वर गेलं. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि गाडी सावकाश पुढं-मागं. मिस्त्री ओल्या मातीत गालफड टेकून, एका हातात बॅटरी घेऊन आडवा पडला होता. त्याच्या दुसऱ्या हाताचा अंगठा वर झाला की पुढं, खाली झाला की मागं.

मग चाक सरळ करून सगळे वाकले. पांढऱ्या चुन्यात तीन जागा काळ्या झाल्या होत्या. मागच्या बाजूला, खाली, लायनरवर एक तळहाताएवढा पट्टा. त्याच्याच आत, पत्र्याचे दोन थर जिथं जुळतात त्या कडेवर एक बोटभर रेघ. आणि पुढं बंपरच्या कोपऱ्यावर नखाएवढा ठिपका. एवढंच. इतके महिने गाव ज्याच्यावर बोलत होतं, तो आजार त्या तीन डागांत मावला होता. बापूंनी चष्मा पुसून ते डाग पाहिले, मोबाइलवर फोटो काढले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अपार समाधान पसरलं. दुखणं आहे पण ते सापडलंय, यासारखं सुख नाही.

लायनरचं प्लास्टिक तापवून मागं दाबायचं ठरलं. मिस्त्री हीट गन घेऊन दुसऱ्या दिवशी येणार होता. बापूंना तेवढा दम कुठला? त्यांनी लेकीचा हेअर ड्रायर आणला. लेक म्हणाली, "पप्पा, ह्यानं माझं केस वाळायला अर्धा तास लागतोय." अर्ध्या तासानं लायनर कोमट झाला आणि ड्रायर कायमचा गार. दुसऱ्या दिवशी खरी हीट गन हातात आल्यावर बापूंनी पहिल्या दिवसाची कसर भरून काढली. प्लास्टिक मऊ झालं, मागं सरकलं, आणखी मऊ झालं, आणि मधोमध त्याला रुपयाएवढं भोक पडलं. ते भोक त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून बुजवलं. आजही गाडीखाली वाकून बघणाऱ्याला हे पंक्चर दाखवताना ते म्हणतात, "गाडीला पंक्चर असतंयच, आमच्या जरा वर हाय."

पत्र्याची कड मिस्त्रीनं हातोडीनं ठोकून आडवी झोपवली आणि लगेच प्रायमर मारून वर रंग दिला, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज धरला असता. बंपरचा कोपरा आतून तासला. मग गाडी अलाइनमेंटला गेली. तिथं संगणकाच्या पडद्यावर चाकांचे कोन दिसतात, मापात असले तर हिरवे, नसले तर लाल. चाक जराही पुढं सरकलं तर मागची कड मोकळी होते. त्यासाठी खालचा आर्म पुढं घेऊन कास्टर नावाचा कोन वाढवायचा. मिस्त्रीनं हिरव्याच्या हद्दीत जेवढं मिळालं तेवढं घेतलं. बापू मशीनवाल्या पोराच्या मागं उभे राहून म्हणत होते, "अजून घे. लाल झालं तर होऊ दे. लाल आपल्याला चालतंय."

चौथी एक जागा होती, जिच्यावर बापूंचा डोळा होता. केबिन जिथं चासीवर टेकते तो आधार. अमेरिकेत टोयोटा टॅकोमा पिकअपला तेहतीस इंची टायर घालणारे लोक या आधाराचा कोपरा सरळ कापतात आणि वर पट्टी वेल्ड करून रंगवतात, हे बापूंनी मोबाइलवर पाहिलं होतं. त्यांनी खडूनं रेघ मारली आणि म्हणाले, "मिस्त्री, एवढा कोपरा उडवू या की."

मिस्त्रीनं पाना खाली ठेवला. हात कपड्याला पुसले. "बापू, ह्याच्यावर तुमचं घर बसतंय," म्हणाला, आणि खडूची रेघ अंगठ्यानं पुसून टाकली. त्या दिवशी पहिल्यांदा बापू काही बोलले नाहीत.

कायद्याचा विषय मी काढून पाहिला. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणं नोंदणीच्या कागदांवरचा तपशील निर्मात्याच्या मूळ रचनेपासून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही ते ठणकावून सांगितलं. उद्या विम्याचा प्रश्न आला तर सर्व्हेअर पहिल्यांदा टायरचं मापच बघेल. बापूंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मी बदल कुठं केलाय, गुरुजी? मी दुरुस्ती करालोय."

मीटरवरही त्यांचं असंच उत्तर आहे. टायरचा घेर वाढल्यामुळं काट्यानं शंभर दाखवलं की गाडी आधीच्या हिशेबानं एकशे पाचच्या आसपास असते, आणि शंभर किलोमीटर गेल्यावर मीटरला साडेपंच्याण्णवच कळतात. त्यात टायर रुंद आणि जड, म्हणजे डिझेल जास्त जातंच. पण बापूंच्या मते गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलेलंच नाही. "गाडी चाललीया बरोबर. मीटरला कळंना झालंय."

मध्यंतरी एकदा सगळं ठीक झालं असताना पुन्हा आवाज आला. खर्र नाही, कर्र नाही. वेगळाच, सुळसुळ असा. बापूंची झोप उडाली. रात्री बॅटरी घेऊन ते गाडीखाली गेले, सकाळी मिस्त्रीला फोन, दुपारी मला केबिनमध्ये मागच्या सीटवर बसवून गावाला फेरी. माझं काम खिडकीतून कान बाहेर काढून आवाजाची दिशा सांगायचं. शेवटी निघालं काय, तर उसाचं पाचट. हंगामात रस्त्यावर ट्रॉल्यांतून पडलेलं, लायनरच्या फटीत अडकून टायरला लागत होतं. मी ते ओढून काढलं. बापूंनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. त्यांचा विरस झाला होता. एवढ्या मोठ्या टायरला एवढंसं पाचट शोभत नव्हतं.

आणि वैरण? जिच्यासाठी ही गाडी घेतली ती? ओझं भरलं की गाडी दबते. दबली की घासते. शिवाय हौद्याला ओरखडे पडतात, आणि एवढ्या उंच हौद्यात पेंढ्या टाकायला आता खालून माणूस आणि वरून माणूस लागतो. म्हणून वैरण पूर्वीप्रमाणं एम-एटीवर येते. संध्याकाळी मळ्याच्या रस्त्यावर हे दृश्य कुणालाही बघायला मिळेल: पुढं हिरव्या गवताखाली पूर्ण दिसेनाशी झालेली एम-एटी, तिच्यावर गडी, आणि मागं मोकळ्या हौद्याची, धुतलेली, भव्य व्ही-क्रॉस. बापू काच खाली करून गड्याला सांगत असतात, "सावकाश रे, वळणावर चाक घासंल."

वहिनी याबद्दल बोलत नाहीत. फक्त गोठ्यात पेंढी टाकताना म्हशीला मोठ्यानं सांगतात, "खा गं बाई, तुझ्यासाठीच घेतलीया गाडी."

शेवटचा उपाय मिस्त्रीनं केला तो साधा होता आणि कायमचा होता. स्टिअरिंग जिथं पूर्ण वळून थांबतं, तिथं त्यानं जाड वॉशर घातले. चाक आता आधीच थांबतं; घासायच्या जागेपर्यंत पोचतच नाही. खर्र गेला, कर्र गेला, फटफट तर केव्हाच गेली होती. बदल्यात गाडीला वळायला जागा जास्त लागू लागली. मिस्त्रीनं हे आधी बजावलं होतं आणि बापूंनी मान डोलावली होती.

जागा कमी पडली ती घराच्या फाटकापाशी. पूर्वी एका वळणात आत जाणारी गाडी आता पुढं-मागं, पुढं-मागं करू लागली. गल्ली अडू लागली, दूधवाला थांबू लागला, आणि फाटकाचा दगडी खांब दोनदा हेडलाइटच्या इतका जवळ आला की वहिनींनी डोळे मिटले. बापू चार पावलं मागं गेले. एक डोळा बारीक केला. आणि गवंड्याला फोन लावला.

वडिलांनी बांधलेला तो खांब पाडून दोन फूट सरकवला. फाटक नवं केलं. नव्या खांबाला नारळ फोडला त्या दिवशी मिस्त्रीही जेवायला होता. तांबडा-पांढरा झाला, पानसुपारी झाली. मिस्त्री खांबाजवळ उभा राहून बराच वेळ बघत होता. न राहवून म्हणाला, "बापू, एक विचारू? ह्या सगळ्या पैशात जुनं टायर परत घातलं असतं..."

"टायर अजून नवं हाईत की वो!" बापू म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंखुरं आश्चर्य होतं. "अजून निम्मं बी झिजलेलं न्हाईत. नवं टायर कोण टाकतंय?"

मिस्त्रीनं सुपारी गालात सरकवली आणि गप्प बसला. बापूंनी गाडी बाहेर काढली, गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि सगळ्यांसमोर नव्या फाटकातून आत आणायला वळवली. या वेळी खांब लांब राहिला. गाडीचं नाक माझ्या कंपाउंडच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर येऊन थांबलं. बापू खाली उतरले, भिंतीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि अतिशय आपुलकीनं म्हणाले,

"गुरुजी, तुमची भिंत जरा घासालीया वो."